पूर्वभार

नमुना क्रमांक चार. बोअर दोन.
खोली तीन मीटर वीस.
जुन्या गिरणीच्या आवारातून टेंपोत आला,
लोखंडी नळीत, दोन्ही तोंडं मेणानं बुजवून,
वर ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून,
दुसऱ्या प्रतीचा, एका कडेची वीण चुकलेला.
एप्रिलात इथं मातीची ओल टिकवायची
तर एवढं करावंच लागतं.

राजेशमनं जॅक लावून नळी रिकामी केली.
काळी. कापली तेव्हा पात्याखाली
साबणासारखी चमकली क्षणभर.
छाटणातला गोळा उचलून
तो काचेवर दोरा वळायला बसला.
तीन मिलिमीटरपर्यंत वळायचा,
मोडायचा, पुन्हा वळायचा,
आणि तडकेल त्या क्षणीचं पाणी मोजायचं.
पुस्तक म्हणतं, शेजारी सळई ठेवून जाडी ताडून बघा.
त्याला सळई लागत नाही.
पूर्वभागातल्या ज्या घरात तीन पिढ्यांनी कांड्या भरल्या
तिथली बोटं आहेत ती.

मी कडीत माती बसवली.
वर-खाली सच्छिद्र दगड, तरफेच्या टोकाला वजन.
पाव मिनिट. एक. सव्वादोन. चार. सव्वासहा. नऊ.
कुठल्याच घड्याळाला न शोभणाऱ्या या वेळा
मला पावकी-निमकीसारख्या पाठ आहेत.

आधी ओझं पाणी घेतं.
शिकताना हे कुणी नीट सांगितलं नव्हतं.
वजन ठेवलं की लगेच माती नाही दबत,
कणांच्या सापटीत अडकलेलं पाणी दबतं.
मग ते वाट काढतं, इतकं सावकाश
की डायलचा काटा हलला की माझी पापणी, कळत नाही.
जितकं पाणी निघेल तितकं ओझं कणांवर.
चोवीस तासांनी वजन दुप्पट.
घाई केली तर काय होतं, मॅडम?
दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं.
घाई केली तर पाण्याला निघता येत नाही, बाळा,
आणि माती न सांगता घसरते.

सहाव्या दिवशी, लाइट गेलेली असताना,
खिडकीशी बसून लॉगच्या कागदावर ठिपके जोडले.
रेघ बराच वेळ जवळजवळ आडवी चालली,
ओळखीच्या रस्त्यावरून चालल्यासारखी.
पावणेदोनच्या पुढे एकदम उतरली.
आता वरच्या मातीचं ओझं
सहा दशांशापलीकडे जात नाही.
म्हणजे हिनं कधीतरी तिप्पट सोसलंय
आणि ते ओझं कुणीतरी उचलूनही नेलंय.

"तिथं गोडाऊन होतं की हो, मॅडम,"
काच पुसता पुसता राजेशम म्हणाला.
"गठ्ठ्यांचं. पार छताला थप्पी.
आमचे नाना पाठीवर वाहायलते.
गिरणी बसली, तसं पत्रेसुद्धा नेले लोकांनी."
थोड्या वेळानं, मी न विचारता,
"दारातनं आत येताना वाकायचेच ते.
दार एवढं उंच, तरी."

मी सांगायला हवं होतं
की आपले उन्हाळेही हेच करतात,
वाळता वाळता माती स्वतःलाच आवळत जाते
आणि कागदावर वळण सारखंच उमटतं.
गठ्ठे की ऊन, या यंत्राला विचारून उपयोग नाही.
नाही सांगितलं.

अहवालात लिहिलं: पूर्वभार एक पूर्णांक पंच्याहत्तर.
कारणाला रकाना नसतो.
शेऱ्यात: टाकी पहिल्यांदा भरताना टप्प्याटप्प्यानं भरावी.
मग वजनं उतरवली, एकेक.
काटा थोडा मागे आला. सगळा नाही.

राजेशमनं चकती ओव्हनमध्ये सरकवली
आणि टॉवेल पिळून खिडकीच्या गजावर टाकला.
अर्ध्या तासात तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला,
गजाचा वाक तसाच धरून.